बारा किलोमीटरवरचा हात

श्रीवर्धनच्या बंदराकडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या बाजूला हेमांगीचं गॅरेज आहे. पाटी अजून तिच्या बापाच्या नावाची, 'अंबाजी मरीन अँड ऑटो'. त्यातलं 'मरीन' आता एका फळीपुरतं उरलंय. बाकी सगळ्या जागेत मोटारसायकली, टायर, आणि मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीत अंबाजी बसतो. चाळीस वर्षं त्यानं बोटींची इंजिनं खोलली. आता त्याचे हात थरथरतात आणि सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नाही.

हेमांगी अडतीस वर्षांची. लहानपणी बापाला पाने उचलून देताना ती सगळं शिकली. पण बोटीवर बाईमाणूस चढलेलं बोटी हाकणाऱ्या तांडेल लोकांना रुचलं नसतं, म्हणून तिनं आयटीआय करून दुचाकी धरल्या. लग्न झालं आणि दोन वर्षांत ती परत आली. का परत आलीस विचारलं, तर म्हणायची, "गिअर पडंनात." विचारणारा हसायचा आणि पुढचं विचारायचा राहायचा.

मे महिन्यातल्या एका सोमवारी कोळीवाड्यातला निकेत एक मोठी काळी गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आला. मागून त्याची वहिनी कल्पिता चालत येत होती. गाडी हेमांगीनं लगेच ओळखली. निकेतच्या थोरल्या भावाची, प्रीतमची. प्रीतम फेब्रुवारीत गेला होता, याच गाडीवरून.

"हेमाताय, क्लच बघ जरा," निकेत म्हणाला.

तिनं लिव्हर दाबला. चहात बुडवलेल्या पावासारखा तो आत गेला आणि मुठीला टेकला. बोटांना काहीच अडलं नाही.

"हवा शिरली. तासाभराचं काम. आणि रे, एवढा चेहरा पाडून काय आलायस, गाडी हाय, म्हस न्हाय व्यायला बसली."

कुणी हसलं नाही.

"सकाळी असा असतो," निकेत म्हणाला. "दाबून दाबून मी जरा वर आणतो आणि निघतो. हळूहळू तो आपोआप कडक होत जातो. जांभळीच्या वळणावर पोचलो की दगड होतो. आणि तिथं गाडी थांबते. इंजिन ओरडतं, गाडी जात न्हाय. कुणीतरी क्लच दाबून धरल्यासारखी. माझी बोटं लिव्हरवर नसतात, हेमाताय. चार वेळा झालं. चारही वेळा तिथंच."

जांभळीचं वळण म्हणजे घाटातलं उभ्या चढाचं वळण. प्रीतम तिथंच कठड्यावरून खाली गेला होता. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं पाहिलं होतं, आणि त्यानं सांगितलेलं सगळ्या बंदराला पाठ होतं. गाडीचं इंजिन बोंबलत होतं, गाडी मागे घरंगळत होती, आणि तो पोरगा रस्त्याकडं न बघता स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होता. गाडी कठड्याला टेकून राहिली. तिचा फक्त एक आरसा फुटला.

"आईनं भगताला विचारलं," निकेत खाली बघत म्हणाला. "त्यानं सांगितलं, प्रीतम तिथं अडकलाय. कारण त्या दिवशी त्याला तळा गावाला धाडलं ते..." तो थांबला.

"मी धाडलं," कल्पिता म्हणाली. "माहेरी सुकट पोचवायला. शुक्रवारी अवस आहे. भर दुपारी मी त्या वळणावर उतारा ठेवायचा, माझ्यामुळं झालं असं मोठ्यानं म्हणायचं, आणि तसंच पुढं माहेरी जायचं. परत यायचं न्हाय. अमिषा इथं राहील. तिच्या आजीकडं."

अमिषा चार वर्षांची होती.

"तू मला एकच सांग हेमा. गाडीत बिघाड हाय का न्हाय? नसंल तर मी जाते. माझं मलाही तसंच वाटाया लागलंय."

"शुक्रवारच्या आत सांगते," हेमांगी म्हणाली.

हेमांगी भुताखेतांना मानत नव्हती असं नाही. बंदरावर वाढलेलं कुणी तसं छातीठोक म्हणत नाही. पण तिचा एक साधा हिशोब होता. क्लच तेलाच्या दाबावर चालतो. वर लिव्हरपाशी तेलाची डबी आणि तिच्याखाली एक सिलिंडर, तिथून एक नळी, खाली इंजिनपाशी आणखी एक छोटा सिलिंडर. लिव्हर मऊ झाला म्हणजे तेल बाहेर गेलं किंवा हवा आत आली. दोन्हींना कुठंतरी वाट लागते. ती वाट सापडली की संपलं.

तिनं खालच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं आणि लिव्हर दाबत, निप्पल सैल करत, घट्ट करत, सगळी हवा काढली. बाटलीत काळपट तेल जमलं. जुनं असेल, असं तिला वाटलं. डबीत नवं ब्रेक ऑइल भरलं. लिव्हर हवा तसा भरीव झाला. तिनं एक फेरी मारून आणली, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि शटर ओढलं.

मंगळवारी सकाळी शटर उघडलं. वर्तमानपत्र कोरडं होतं. एक थेंबही नाही. तिनं लिव्हरला बोट लावलं आणि तो मुठीला जाऊन टेकला.

तिनं पुन्हा हवा काढली. नळीच्या दोन्ही सांध्यांचे तांब्याचे वायसर बदलले. पुन्हा फेरी मारली. मग जुन्या मिस्त्री लोकांची एक युक्ती असते ती केली. ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर मुठीला आवळून बांधला, म्हणजे उरलीसुरली हवा रात्रभरात वर चढते. बुधवारी सकाळी पट्टी सोडली. लिव्हर परत यायला वेळ लागला. सावकाश, थांबत थांबत तो वर आला, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. आणि दाबल्यावर पुन्हा पार मऊ.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. बाप अजून घरी होता. समुद्राकडून वारा नव्हता, आणि तरी हँडलवर शिल्लक असलेला एकुलता आरसा बारीक थरथरत होता. हेमांगीनं हात पुसला. ज्या हातानं लिव्हर धरला होता तोच हात तिनं दोनदा पुसला, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी तिनं पुन्हा हवा काढली, गाडी बाहेर काढली आणि घाटाकडं न वळता उलट दिशेला घातली, हरिहरेश्वरच्या रस्त्यानं. तिला एवढंच बघायचं होतं. जे काही आहे ते जांभळीच्या वळणावर बसलंय, की गाडीबरोबर फिरतं?

ऊन टळटळीत होतं. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. एका बाजूला खाली समुद्र, पाण्याला हालचाल नाही, नुसता पत्र्यासारखा चमकणारा. पहिले पाच किलोमीटर गाडी छान चालली. आठव्याला लिव्हरची सुरुवातीची ढिलाई कमी झाल्यासारखी वाटली. दहाव्याला ढिलाई उरलीच नाही. तिनं डावी बोटं लिव्हरवरून उचलली आणि सरळ धरली. चढ सुरू झाला. किलोमीटरच्या काट्यावर बारा झाले.

आणि इंजिनाचा आवाज चढला.

तिनं काही केलं नव्हतं. आवाज चढत गेला, गाडी मंदावत गेली. जणू तिच्या बोटांच्या आधी दुसरी बोटं तिथं पोचली होती आणि सावकाश, बेतानं लिव्हर जवळ ओढत होती. लिव्हर मात्र जागचा हलला नव्हता. हेमांगीनं खाली बघितलं. स्वतःच्या डाव्या हाताकडं. बोटं हवेत होती.

मग तिला कळलं की आपण रस्त्याकडं बघत नाही आहोत.

तिनं पुढचा ब्रेक करकचून आवळला. गाडी थांबली. तिनं इंजिन बंद केलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. गिअरमध्ये टाकून बंद केलेली गाडी चढावर खुंटीसारखी उभी राहते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं ब्रेक जरासा सोडला. गाडी मागं घरंगळली. बिनआवाज, गुळगुळीत, न्यूट्रलमध्ये असल्यासारखी.

असाच तो मागे गेला असणार.

काजूच्या झाडावर एक कावळा बसला होता, तोही ओरडला नाही. हेमांगीनं ब्रेक पुन्हा आवळला. "प्रीतम," ती हळूच म्हणाली, "तू असशील तर सोड." आपण हे बोललो याची तिला लाज वाटली, पण बोललो नसतो तर पुढचं करायचं धाडस झालं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. पायानं ओढून तिनं एक दगड मागच्या चाकाखाली सरकवला, पुढं आणखी एक, आणि पिशवीतून आठ नंबरचा पाना काढून खालचं निप्पल जरासं सैल केलं.

तेलाची बारीक चिळकांडी उडाली. दाबून धरलेलं असावं तशी. लगेच थांबली. आत काहीतरी 'खट्' वाजलं. तिनं गाडी हलवून बघितली. आता ती गिअरमध्ये घट्ट होती. हात सुटला होता.

म्हणजे तेलच ते धरून ठेवत होतं. गाडी तापली की तेल फुगतं, आणि फुगलेलं तेल वरच्या डबीत परत जायची एक सुईएवढी वाट असते. ती वाट बुजली होती. दाब आत कोंडला की क्लच आपोआप सुटतो, इंजिनाची ताकद चाकाला जात नाही, कुणीही न दाबता. गाडी थंड झाली की तेल आकसतं आणि आतल्या रबरी सीलच्या कडेनं हवा आत ओढून घेतं. म्हणून सकाळी मऊ. म्हणून कागद कोरडा. जांभळीचं वळण घरापासून बारा किलोमीटर, चढाचं. भूत वळणाशी नव्हतं, ते तापमानाशी होतं.

तिला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. बोटावर उडालेलं तेल तिनं सवयीनं नाकाशी नेलं, आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. तो वास ती जन्मापासून ओळखत होती. बापाच्या सदऱ्याचा वास होता तो.

गॅरेजमध्ये परतल्यावर तिनं सोमवारची बाटली उजेडात धरली. दोन दिवस ती कोपऱ्यात पडून होती. आतलं तेल फुटून दोन थर झाले होते. खाली ब्रेक ऑइल, वर दुसरं, हलकं, सोनेरी, त्यात न मिसळलेलं. बोटीवर जाळं ओढायच्या विंचला घालतात ते तेल. मोटारसायकलच्या क्लचमधलं रबर त्या तेलानं फुगतं. तिनं लिव्हरखालचा सिलिंडर खोलला. आतलं सील भिजत घातलेल्या वालासारखं टम्म झालं होतं आणि ती सुईएवढी वाट त्यानं झाकून टाकली होती.

विंचच्या तेलाचा कॅन बंदरावरच्या एकाच गॅरेजात होता. समोरच्या फळीवर.

"बा," ती खुर्चीसमोर उकिडवी बसली. "प्रीतम कधी आलेला काय इथं? मी नसताना?"

सकाळचं न आठवणारा अंबाजी चटकन म्हणाला, "आलेला की. तू पेणला गेलेलीस सामान आणाया. क्लच ढिला लागतो म्हणाला. डबीत तेल कमी होतं. मी घातलं."

"कुठलं घातलंस?"

"आपलं विंचचं." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "नामी तेल हाय गो. दोन टनांचं जाळं ओढतं, त्याला फटफटीचा क्लच काय जड? तो पैसं देत होता. मी म्हटलं, जा रे, बंदरावरचा पोर तू." मग त्यानं गाडीकडं बघून विचारलं, "कशी चालते त्याची गाडी?"

बाहेर ऊन उतरत गेलं.

सत्याचे दोन तुकडे करता येतील, असं तिला त्या संध्याकाळी वाटलं. बिघाड होता एवढं सांगायचं. कल्पिता सुटेल. तेल कुणी घातलं ते कुणी कशाला विचारेल?

गुरुवारी सकाळी ती फुगलेलं सील कागदात गुंडाळून प्रीतमच्या घरी गेली. त्याची आई वेणूबाई पडवीत बोंबील निवडत होती. निकेत होता. कल्पिता दारात उभी होती, पोरगी तिच्या पायाला धरून.

"मावशी, वळणावर काही न्हाय," हेमांगी म्हणाली. "गाडीतला भाग फुगलेला. हा बघा. गाडी तापली की क्लच आपोआप सुटायचा. मी हरिहरेश्वरच्या रस्त्याला नेली, तिथंही तेच झालं. कल्पितानं कुठंही धाडलं असतं तरी झालंच असतं."

निकेतनं सील हातात घेऊन फिरवलं. "बाप रे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं वहिनीकडं सरळ बघितलं.

वेणूबाईनं बघितलं नाही. ती बोंबील निवडत राहिली. "गाडी किती वर्षांची?"

"एक."

"एका वर्षात फुगतो हा?"

"न्हाय. एरवी बरीच वर्षं टिकतो."

"मग ह्याचाच का फुगला?" आता तिनं मान वर केली. "माझ्याच पोराचा का, सांग. उगाच फुगला? भगत म्हणतो, करणीचं कारण हातात सापडत न्हाय. तू मला कारण दे, मी उतारा मोडते."

पोरगी आईच्या पदराशी खेळत होती. हेमांगीला वाटलं, आपली बोटं हवेत आहेत आणि तरी काहीतरी आपल्याला सावकाश मागे ओढतंय.

"चुकीचं तेल पडलं त्यात," ती म्हणाली. "विंचचं. माझ्या बापानं घातलं. आमच्याच गॅरेजात."

निकेतच्या हातातलं सील खाली पडलं.

"तू सांगितलं नसतंस तर आम्हांला कधी कळलं नसतं," तो शेवटी म्हणाला. आवाज रागानं भरलेला होता, पण राग कुणावर हे त्यालाच उमगत नव्हतं. "मी पोलिसांत गेलो तर?"

"जा. मी येते बरोबर."

कल्पितानं एकच विचारलं. "त्याला कळलं असंल का, काय होतंय ते?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. "न्हाय कळलं. मलाही कळलं न्हाय तेव्हा. मीसुद्धा हाताकडंच बघत राहिले."

वेणूबाई उठली. हात धुतले, पदराला पुसले. तिचा चेहरा मोकळा झाला नव्हता. उलट काहीतरी हिरावून घेतल्यासारखा दिसत होता. तीन महिने तिचा मुलगा निदान एका वळणावर तरी उभा होता.

"ही कुठं जात न्हाय," ती कल्पिताकडं न बघता म्हणाली. "पण उतारा मी बोललेय. तो जाणार. ज्याच्या हातनं झालं, त्याच्या हातनं."

पनवेलहून मागवलेलं, एसटीनं आलेलं सीलचं नवं किट हेमांगीनं त्याच संध्याकाळी बसवलं. नळी, सिलिंडर, डबी, सगळं धुऊन काढलं. शुक्रवारी सकाळी लिव्हर भरीव होता.

साडेअकराला तिनं बापाला त्याच गाडीवर मागं बसवलं. त्याच्या मांडीवर वेणूबाईनं दिलेली परडी होती. दहीभात, नारळ, हळदकुंकू. घाट सुरू झाला. एक एक करून किलोमीटर चढत गेले आणि तिची डावी बोटं आपोआप ताठ होत गेली. बारा झाले. क्लच धरून राहिला. जांभळीच्या वळणाशी तिनं गाडी कडेला घेतली. तिथली झाडांची सावली इतकी गर्द होती की उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही क्षण नुसता अंधारच दिसला. कठड्यापाशी आरशाच्या काचा अजून पडल्या होत्या.

"हे कुणासाठी गो?" अंबाजीनं विचारलं.

तिनं त्याला काल सांगितलं होतं. सकाळी सांगितलं होतं. तिनं पुन्हा सांगितलं. प्रीतम, क्लच, तेल, हे वळण. म्हातारा ऐकत गेला, आणि तिसऱ्यांदा, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

थरथरत्या हातांनी त्यानं परडी कठड्याखाली ठेवली. परडीबरोबर सांगून पाठवलेले भगताचे शब्द तो विसरला होता. "पोरा," तो खाली दरीकडं बघत म्हणाला, "तेल चुकलं माझं. मी विचाराया पायजे होतं पोरीला."

उतारा ठेवल्यावर मागं वळून बघायचं नसतं. हेमांगीनं बापाला धरून गाडीपाशी आणलं, बसवलं, गाडी वळवून उताराला लावली. तिनं मागं बघितलं नाही. उरलेला आरसा तिनं निघतानाच आत दुमडला होता. पण पाठीमागं बापाचं वजन एका बाजूला कलल्याचं तिला जाणवलं. तो वळला होता. बराच वेळ तो तसाच वळून होता.

"बा, पुढं बघ."

वजन सरळ झालं. दोन वळणं उतरून गेल्यावर, वारा लागायला लागल्यावर, त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

"हेमा," त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, "तिथं कुणाला ठेवून आलो गो आपण?"

हेमांगीनं वेग कमी केला. क्लच ओढला, गाडी कडेला थांबवली, इंजिन बंद केलं, आणि मागं वळून त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.